दुसरी दुरुस्ती

कॉलेजातली मुलं बाईंना पाठीमागे 'कंसमावशी' म्हणत. बाई गणित शिकवायच्या, आणि गणितात त्यांचा जीव कशावर असेल तर तो कंसांवर. उघडलेला कंस कुणी बंद केला नाही, की दार सताड उघडं टाकून घरातली माणसं बाहेर गेल्यासारखं त्यांना वाटे. फळ्यापाशी एखादा विद्यार्थी तावातावाने पदं लिहीत सुटला की मागून आवाज यायचाच, "आधी तो कंस लाव रे. वारा येतोय." सगळा वर्ग हसायचा. आपलं टोपणनाव बाईंना ठाऊक होतं. एकदा त्या नवऱ्याला म्हणाल्याही, "मामापेक्षा मावशी बरी. निदान भाचरं जिवंत तरी राहतात."

बाईंची आई एका मोठ्या रुग्णालयात चादरी आणि उशांचे अभ्रे शिवायच्या खात्यात होती. तिथून रद्दीत निघालेले तापाचे तक्ते ती घरी आणायची. एका बाजूला कुणा अनोळखी माणसाच्या तापाची चढउतार असे आणि दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर बाई शाळेपासून गणितं करत आल्या. कागदाची कधी वानवा पडली नाही, त्यामुळे लांबलचक गणिताची धास्तीही कधी बसली नाही. बाकीच्या मुली पान भरलं की थांबत; बाई पान उलटत आणि पुढे चालू लागत.

पीएच.डी.ला त्यांनी विषय घेतला तो क्षोभ आलेल्या विकल समीकरणांचा. नाव ऐकून माणूस दचकतो, पण गोष्ट तशी घरगुतीच आहे. स्प्रिंगला टांगलेलं वजन खाली ओढून सोडलं की ते वरखाली हेलकावतं. स्प्रिंग अगदी गुणी असेल तर त्या हेलकाव्याचं समीकरण दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही सोडवतो. पण स्प्रिंगच्या जागी रबर आलं की पंचाईत होते. रबर थोडं ताणलं तर मुकाट्याने ताणलं जातं. जास्त ताणलं की अडून बसतं. ही एवढीशी आडमुठेपणाची भर समीकरणात घातली, की नेमकं उत्तर हाती लागायचं नाव घेत नाही. मग गणिती माणूस समजुतीने घेतो. आधी रबर गुणी आहे असं धरून उत्तर काढायचं. आडमुठेपणामुळे त्या उत्तरात जो फरक पडतो ती पहिली दुरुस्ती. त्या दुरुस्तीमुळे पुन्हा जो फरक पडतो ती दुसरी. प्रत्येक दुरुस्ती आधीच्यापेक्षा बारीक, पण तिच्यापायी करावं लागणारं गणित मात्र आधीच्या दसपट. शिवाय मधेच एखादं पद असं निघतं की ते वेळेबरोबर फुगतच जातं, जणू वजन हेलकावता हेलकावता छप्पर फोडून आभाळात जाणार आहे. तसं होत नसतं. मग ते पद उडवून लावायला हेलकाव्याचा वेगच जरासा बदलून घ्यावा लागतो. तो किती बदलायचा, हेच खरं उत्तर.

बाईंचे मार्गदर्शक, ज्यांना सगळा विभाग नुसतं 'सर' म्हणायचा, ते मोजकं बोलत. त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, "मुली, हेलकाव्यातल्या मुख्य लाटेच्या उंचीला 'ए' म्हण आणि पुढे चालू लाग. पानंच्या पानं वाचतील." बाईंनी तसंच केलं. तरीही दुसऱ्या दुरुस्तीला अख्खा हिवाळा गेला. घरातलं जेवणाचं टेबल कागदांनी इतकं भरून गेलं की सगळे ताटं मांडीवर घेऊन जेवू लागले. शेवटी हिशेब मिटला, फुगणारी पदं एकमेकांशी कटली, आणि दुसऱ्या दुरुस्तीचा गुणक आला: पंचवीस छेद दोनशे छप्पन्न. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "छान आहे. कुरूप आहे, पण छान आहे."

त्यावर एक लहानसा लेख छापून आला. बाईंच्या माहितीप्रमाणे तो चौघांनी वाचला, त्यातले एक सर आणि एक स्वतः बाई. पुढे लग्न झालं. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्याकडे मी लोकांना अक्षरं दाखवतो आणि ही माझ्या बायकोची अक्षरं कुणालाच दिसत नाहीत." सर गेले. मूळ आकडेमोडीचे कागद दोन घरं बदलताना कुठेतरी गेले. बाई वर्षानुवर्षं शिकवत राहिल्या आणि पंचवीस छेद दोनशे छप्पन्न त्यांच्या डोक्यात एका कोपऱ्यात शांत पडून राहिलं.

ते तिथून बाहेर काढलं धाकट्या दिराने. त्याचं वर्कशॉप होतं. यंत्रांखाली बसवायचे रबरी आधार तो बनवायचा, म्हणजे यंत्र धडधडलं तरी जमीन धडधडू नये. एका दुपारी तो भावाच्या घरी आला, चहाचा कप हातात घेतला आणि तो थंड होईपर्यंत नुसता धरून बसला.

"वहिनी, एक अडलंय," तो म्हणाला. "रुग्णवाहिकेत स्ट्रेचर ठेवायची फळी असते ना, ती आम्ही रबरावर बसवतोय. गाडी आपटली तरी आतल्या माणसाला कमी लागावं म्हणून. पण एका ठरावीक वेगाला गाडीचं थरथरणं आणि फळीचं हेलकावणं एकमेकांना सामील होतं. मग फळी अशी नाचते, की आजारी माणूस उठून चालत जाईल."

"फळीच्या हेलकाव्याचा वेग काढता येतो की तुम्हाला, भाऊजी."

"छोट्या धक्क्याचा येतो. मोठ्या धक्क्याला रबर ऐकत नाही."

बाई हसल्या. इतक्या वर्षांनी त्यांचं आडमुठं रबर आपण होऊन घरी चालत आलं होतं. त्यांनी दिराला सूत्र लिहून दिलं, कुठे काय घालायचं ते समजावलं. दिराने त्यावरून रबराची जाडी ठरवली, फळ्या बनवल्या, आणि त्या चांगल्या चालल्या. इतक्या, की त्याने ते सूत्र वर्कशॉपच्या भिंतीवर, रबर तापवायच्या मोठ्या शेगडीच्या वर, पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवून घेतलं. पंचवीस छेद दोनशे छप्पन्नसकट. बाईंना तो कौतुकाने सांगायचा, "वहिनी, तुम्ही आमच्या भिंतीवर आहात." बाई तिथे कधी गेल्या नव्हत्या. लाज वाटायची.

निवृत्ती जवळ आली तेव्हा कॉलेजात एक नवीन प्रकार आला. बीजगणित करणारा प्रोग्रॅम. आकडेमोड करणारी यंत्रं बाईंनी पुष्कळ पाहिली होती, पण हे निराळं होतं. याला अक्षरं कळत. 'ए' हा 'ए'च ठेवून तो कंस सोडवी, पदं गोळा करी, त्यांतली नको ती उडवी. तो आणला होता विभागातल्या सर्वांत तरुण प्राध्यापिकेने. सगळे तिला 'धाकटी मॅडम' म्हणत. ती बाईंचीच जुनी विद्यार्थिनी, आणि अजून बाईंसमोर खुर्चीच्या कडेवर बसायची.

"बाई, तुम्ही एकदा बघाच," ती मागे लागली.

"अगं, या वयात मला आणखी एक भाषा कशाला?"

"भाषा तुम्हाला येतेच. त्याला फक्त कंस नीट लागतात."

हे ऐकून बाईंना नाही म्हणवेना. पहिल्या दिवशी त्यांनी त्याला एक साधा विस्तार करायला दिला. पापणी लवायच्या आत उत्तर आलं. बाईंनी ते बोट फिरवून तपासलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. फारच उद्धट आहे, पण बरोबर आहे." आठवडाभरात त्यांना त्याची चटकच लागली. तास संपला की त्या तडक संगणकाच्या खोलीत जाऊन बसू लागल्या. कंस विसरला की प्रोग्रॅम लाल अक्षरांत कुरकुरायचा, आणि बाई समाधानाने म्हणायच्या, "असंच पाहिजे."

एका सकाळी धाकटी मॅडम म्हणाली, "बाई, तुमचं रबराचं समीकरण घालूया का यात? हिवाळाभर लागलेलं?"

बाईंना मोह आवरला नाही. दोघी शेजारी बसल्या. समीकरण घातलं. सुरुवात कुठून, असं प्रोग्रॅमने विचारलं. धाकट्या मॅडमने भरलं: वजन 'ए'पर्यंत ओढलं आणि हात सोडला. मग एक दुरुस्ती सांग, असं त्याला सांगितलं. पहिली दुरुस्ती आली तीन अष्टमांश. बाईंचीही तीन अष्टमांशच होती. बाईंनी टाळी वाजवली. शेजारच्या खोलीतला कारकून डोकावून गेला.

"आता दुसरी," बाई म्हणाल्या.

दुसरी आली. धाकटी मॅडम पडद्याकडे बघतच राहिली. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

एकोणीस छेद दोनशे छप्पन्न.

"माझं काहीतरी टाइप करायचं चुकलं असेल," धाकटी मॅडम घाईघाईने म्हणाली. तिने सगळं पुसून नव्याने घातलं. एकोणीस. रबराचं प्रत्येक पद एकेक करून बाईंना वाचून दाखवलं. सगळी बरोबर होती. तरी एकोणीस.

"तुझं नाही चुकलं," बाई म्हणाल्या. "यंत्राचंही चुकत नाही. राहता राहिलं कोण?"

त्या उठल्या आणि घरी निघाल्या. जिन्यात एका मुलाने नमस्कार केला. त्यांनी नेहमीसारखा कंसावरून टोला मारला नाही, तेव्हा तो वळून बघत राहिला.

घरी येऊन बाईंनी टेबल मोकळं केलं आणि सगळं गणित पुन्हा हाताने मांडलं. सवय मोडली नव्हती. सरांच्या पद्धतीने, एकेक पाऊल टाकत, त्या शेवटापर्यंत गेल्या. पंचवीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पंचवीस. चूक असेल तर ती इतकी जुनी आणि इतकी घरात मुरलेली होती की तिच्या पुढ्यात बसूनही ती दिसत नव्हती. बाईंना जेवण जाईना. लेख चौघांनी वाचला होता, त्याची त्यांना फिकीर नव्हती. काळजी होती ती भिंतीवरच्या पांढऱ्या अक्षरांची. त्या फळ्यांवर खरी माणसं झोपत होती. त्यांतलं कुणी हाड मोडलेलं, कुणी बाळंतीण.

नवरा दोन दिवस बघत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने टोस्टला लोणी लावून बाईंच्या पुढ्यात सारलं आणि विचारलं, "हे खाणार आहेस की याचाही विस्तार करणार आहेस?"

"अहो, थट्टा नको."

"मग सांग तरी."

बाईंनी सांगितलं. त्याला समीकरणातलं काही कळत नसे, पण माणसाचा चेहरा वाचता येत असे. आयुष्य लोकांच्या डोळ्यांत बघण्यात गेलं होतं. तो म्हणाला, "फरक मोठा आहे का?"

"छोट्या धक्क्याला नाही. मोठ्या धक्क्याला किती, ते मला आता सांगता येत नाही. माझ्या दुसऱ्या दुरुस्तीवरच विश्वास उरला नाही, तर पुढचं कशाच्या जोरावर सांगू?"

"मग त्याला सांग. आजच सांग. भाऊ आहे माझा, खाणार नाही तुला."

"भिंतीवरून उतरवेल."

"उतरवू दे की. घरी जागा आहे."

बाईंनी दिराला फोन केला. आवाज शक्य तितका सपाट ठेवून त्यांनी सांगितलं, की सूत्रात चूक असू शकते, कुठे ते सापडलेलं नाही, आणि सापडेपर्यंत नव्या फळ्या पाठवू नका. पलीकडे यंत्रांची घरघर चालू होती. त्याच दिवशी एक गाडी भरून तयार उभी होती.

"गाडी थांबवतो, वहिनी," दीर म्हणाला. "तुम्ही इकडे या. तुमच्यासमोर फळी हलवून बघू. कागदावर बघून तुम्हाला दिसत नाहीये, तर डोळ्यांनी बघू."

नवऱ्याने दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं आणि दोघं निघाले. वर्कशॉप एका लांबट शेडमध्ये होतं. आत शिरताच तापलेल्या रबराचा वास नाकात गेला. भिंतीकडे बघायचं नाही असं बाईंनी ठरवलं होतं, आणि आत पाऊल टाकताच त्यांनी पहिल्यांदा तिकडेच पाहिलं. अक्षरं त्यांना वाटली होती त्यापेक्षा कितीतरी मोठी होती. शेवटचा कंस मात्र नीट लावलेला होता.

दिराच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो दमलेला दिसत होता. त्याने एक फळी लोखंडी चौकटीवर बसवली, वर माणसाच्या वजनाची वाळूची पोती ठेवली. फळीच्या कडेला एक टोकदार पेन बांधलेलं होतं आणि त्याच्यासमोर कागदाची गुंडाळी हळूहळू फिरत होती. फळी हलली की पेन तिची चाल कागदावर काढी.

"आम्ही असं मोजतो," तो म्हणाला. "फळी या खुणेपर्यंत खाली ओढायची, आणि सोडायची."

त्याने दोन्ही हातांनी फळी खुणेपर्यंत दाबली, दम धरला आणि एकदम सोडली. फळी वर उसळली, खाली आली, पुन्हा वर. पेन कागदावर सरसरत गेलं. हळूहळू हेलकावे मंदावले आणि फळी थांबली. दिराने कागद फाडून बाईंच्या हातात दिला.

बाईंनी तो उजेडात धरला. एकामागून एक लाटा. पहिल्याच लाटेच्या शेंड्यावर त्यांची नजर अडकली. शेंडा गुळगुळीत, गोल नव्हता. जरासा टोकदार होता, कुणीतरी चिमटीत धरून वर ओढल्यासारखा. असं का, ते त्यांना माहीत होतं. कित्येक वर्षांपूर्वी त्यांनीच ते काढलं होतं. रबराच्या आडमुठेपणामुळे मुख्य लाटेवर एक बारीक, तिप्पट वेगाची लाट बसते, आणि शेंड्यापाशी ती मुख्य लाटेत मिळून तिला आणखी वर नेते. म्हणजे शेंड्याची उंची ही मुख्य लाटेची उंची नव्हे. थोडी जास्त आहे.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही 'ए' कशाला म्हणता?"

"खुणेपर्यंतच्या अंतराला. कुठून सोडली त्याला. आणखी कशाला म्हणणार?"

"यंत्रालाही आम्ही तेच सांगितलं. ओढून सोडलं तिथपर्यंतचं अंतर. आणि सर म्हणाले होते, मुख्य लाटेच्या उंचीला 'ए' म्हण." बाई जवळच्या रबराच्या गुंडाळीवर बसल्या. "अहो, पेन द्या."

नवऱ्याने खिशातलं पेन दिलं. बाईंनी एका खोक्याचं झाकण मांडीवर घेतलं आणि मोठ्याने बोलत लिहू लागल्या. "सोडलेली उंची मुख्य लाटेपेक्षा एक बत्तिसांशाच्या पदाने जास्त. वेगात उंचीचा वर्ग येतो, म्हणजे ते झालं दुप्पट, एक सोळांश. त्याला पहिल्या दुरुस्तीच्या तीन अष्टमांशाने गुणायचं. तीन छेद एकशे अठ्ठावीस. म्हणजे सहा छेद दोनशे छप्पन्न. आता पंचवीसातून सहा गेले की..."

"एकोणीस," दीर म्हणाला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. नवरा गडबडून रुमाल शोधू लागला. त्याला सापडला तो फक्त काचा पुसायचा कपडा, तोच त्याने पुढे केला.

"चुकलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "ना माझं, ना यंत्राचं. दोघांनी दोन निराळ्या उंचींना एकच नाव दिलं होतं."

"म्हणजे आम्ही घोळ घातला," दीर म्हणाला. "तुमच्या सूत्रात आमचा 'ए' घालत होतो."

"तुम्हाला मी सांगायला हवं होतं. मी सांगितलंच नाही, कारण मला वाटलं, 'ए' म्हणजे 'ए'." त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा झाकण ओढून घेतलं. "थांबा, त्याने किती बिघडलं ते बघू." त्यांनी सगळ्यात मोठ्या धक्क्याचे आकडे विचारले, दिराने सांगितले. हिशेब छोटा होता. फरक हजारात दोन-तीन इतकाच निघाला, आणि फळीच्या हेलकाव्याचा वेग गाडीच्या थरथरीपासून दिराने त्या फरकाच्या कितीतरी पट लांब ठेवला होता. जुन्या फळ्यांना काही होणार नव्हतं, नव्यांनाही नाही. दिराने तो हिशेब स्वतःच्या हाताने पुन्हा करून बघितला, कारण तोही एक जबाबदार माणूस होता, आणि मग त्याने भला मोठा सुस्कारा सोडला. "जीव भांड्यात पडला, वहिनी. मी सकाळपासून प्रत्येक ड्रायव्हरचा चेहरा आठवत होतो."

शेडच्या दारात उभ्या असलेल्या गाडीवाल्याला त्याने हात केला. इंजिन सुरू झालं. गाडी वळून रस्त्याला लागेपर्यंत तिघंही दारात उभे राहून बघत होते, जणू कुणाला प्रवासाला निरोप द्यायला आले होते.

बाईंनी तिथूनच धाकट्या मॅडमला फोन लावला. ती पहिल्याच घंटीला उचलेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"अगं, त्या यंत्राला सांग, शेंड्याच्या उंचीऐवजी मुख्य लाटेची उंची घे. बघ काय देतं."

पलीकडे कळा बडवल्याचा आवाज आला, मग एक किंकाळी. "पंचवीस! बाई, पंचवीस आलं! म्हणजे दोन्ही बरोबर?"

"दोन्ही बरोबर."

"बाई, मी तेव्हापासून नीट जेवले नाहीये," धाकटी मॅडम म्हणाली आणि रडू लागली. "मला वाटलं, मी कशाला तुमचं समीकरण घालायला सांगितलं. तुमच्या सगळ्या आयुष्याच्या कामावर मीच..."

"वेडी आहेस का? तू नसतीस तर भाऊजींचा 'ए' आणि माझा 'ए' कधी भेटलेच नसते. आधी जेव बरं. मग बोलू."

घरी परतताना नवरा गाडी चालवत होता आणि बाई खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या. नवऱ्याने मधेच विचारलं, "सर असते तर काय म्हणाले असते?"

"म्हणाले असते, 'मी सांगितलं होतं ना, मुख्य लाटेची उंची म्हणून.'" बाई हसल्या. "आणि ते खरंही आहे. त्यांनी सांगितलं होतं. पुढे सांगायचं काम माझं होतं."

घरी आल्यावर त्यांनी टेबलावरचे कागद एका बाजूला सारले, आडव्या झाल्या आणि भर दुपारी गाढ झोपल्या. नवऱ्याने दुकान उघडायला जाताना दार हळूच ओढून घेतलं.

दिराने दुसऱ्याच दिवशी रंगारी बोलावला. पंचवीसाच्या जागी एकोणीस लिहायला सांगितलं आणि खाली एक ओळ नवी घातली: 'ए म्हणजे फळी सोडली तिथपर्यंतचं अंतर.' बाईंनी त्याला फोनवर सांगितलं, "भाऊजी, ही ओळ सूत्रापेक्षा महत्त्वाची आहे." तो म्हणाला, "म्हणूनच ती लाल रंगात आहे."

पुढच्या सत्रात बाईंची शिकवण्याची पद्धत थोडी बदलली. समीकरण सोडवायला घेण्याआधी त्या प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून विचारू लागल्या, "हे काय आहे? कुठून कुठपर्यंत मोजलंय?" मुलं कंटाळायची. काहींनी त्यांना 'कुठून-कुठपर्यंत' असं नवीन नाव ठेवायचा प्रयत्न केला, पण ते तोंडात बसेना.

आणि धाकट्या मॅडमबरोबर त्यांनी ते समीकरण सोडलं नाही. दोघींनी यंत्राला तिसरी दुरुस्ती विचारली. आली. चौथी विचारली. तीही आली, तिच्यासाठी बाईंना तरुणपणी किती हिवाळे लागले असते याचा विचारही त्यांनी केला नाही. आता प्रत्येक वेळी दोन्ही 'ए' घालून बघायचे आणि एकातून दुसरं निघतं का ते तपासायचं, असा त्यांचा नेम झाला. दर वेळी निघायचं. दर वेळी बाई टाळी वाजवायच्या, आणि शेजारचा कारकून आता डोकावायचाही थांबला होता.

पाचव्या दुरुस्तीला पडदा भरला. सहाव्या दुरुस्तीला उत्तर पडद्याच्या खाली, आणखी खाली, पुढे पुढे सरकतच राहिलं. धाकटी मॅडम बटण दाबून खाली जात होती आणि बाई बोट फिरवत एकेक पद वाचत होत्या. मधल्या सुट्टीची घंटा होऊन गेली होती.

"बाई, सातवी बघूया?" धाकटी मॅडम म्हणाली.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सातवी उद्याही तिथेच असेल," त्या म्हणाल्या. "चल, मला भूक लागलीय."

दोघी डबे घेऊन खाली बाकावर जाऊन बसल्या.